पारीवरची हाक

सोनीबाईचा आवाज गोड होता असं म्हणणारा माणूस आरमोरीत सापडायचा नाही. फुटक्या ढोलासारखा आवाज. पण तलावाच्या पारीच्या या टोकाला उभी राहून तिनं नाव घेतलं, की पल्याडच्या टोकाला धुणं आपटणारी बाई हात थांबवून मान वर करायची. आमच्या ढिवरमोहल्ल्याला गोड आवाजाचं काम नव्हतंच. काम होतं हाकेचं.

ही हाक म्हणजे काय ते आधी सांगतो. शहरातल्या माणसाला ते ठाऊक नसतं, आणि ठाऊक नसताना तो आमच्यावर लेख लिहितो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की गावतलाव उघडतो. सगळा मोहल्ला मिळून जाळं ओढतो. निघालेली मासोळी कोणी परस्पर घरी नेत नाही. ती पारीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, पळसाच्या पानांवर मांडतात. घरटी एक ढीग. त्याला म्हणायचं वाटा. मग हाक देणारा उगवतीकडच्या घरापासून एकेक नाव घेतो. ज्याचं नाव आलं त्यानं 'हाव' म्हणायचं आणि आपला वाटा उचलायचा. शेवटचा वाटा उचलला जाईपर्यंत पारीवरून एक झिंगासुद्धा हलत नाही. आणि एकदा मांडलेला वाटा मोडायचा नाही. मोडला तर तलाव रुसतो, असं म्हातारे सांगतात. तलाव रुसतो यावर माझा विश्वास नाही. पण वाटा मोडताना मी आजवर कोणाला पाहिलं नाही, हेही तितकंच खरं.

पारीवर ज्याचा वाटा, तो मोहल्ल्याचा. त्याच्या घरचं पाणी चालतं, त्याच्या मयताला माणसं जातात, त्याच्या बाळंतिणीला सुईण जाते. वाटा बंद तर हे सगळं बंद.

सोनीबाईचा नवरा इस्तारी हाक द्यायचा. तो तापानं गेला, त्या उन्हाळ्यात पारीवर असं वारं सुटलं होतं की चार बाप्ये ओरडून थकले, पण नाव कोणाला ऐकू जाईना. सोनीबाई ताजी विधवा, मागं उभी होती. ती पुढं आली, कमरेला पदर खोचला आणि सगळी घरं क्रमानं हाकारून मोकळी झाली. बाईनं हाक द्यायची नाही असा नियम कोणी केलेला नव्हता. कोणाला सुचलाच नव्हता. सुचेपर्यंत ती हाकेवर पक्की बसली होती.

तिची एकुलती एक लेक धुरपता. जंगलच्या कुपात, म्हणजे सरकारनं तोडीला काढलेल्या पट्ट्यात, लाकूड तोडणारा बुधू मडावी, जातीनं गोंड, एका पावसाळ्यात सोनीबाईचं छप्पर शाकारायला आला आणि धुरपतानं त्याच्याशी घर मांडलं. पळून नाही गेली. गावातच, तलावाच्या सांडव्याजवळ झोपडी घातली. त्याचाच मोहल्ल्याला जास्त राग. पळून गेली असती तर लोकांनी दोन दिवस शिव्या देऊन विषय सोडला असता. रोज डोळ्यापुढं दिसते म्हटल्यावर पंच बसले. पंचांचा मुख्य केवळराम. आडदांड, शब्दाचा पक्का आणि त्या पक्केपणाचा भारी गर्व असलेला माणूस. त्यानं सांगितलं, "बुधूले सोड, उद्या तुहा वाटा लावतो." धुरपता म्हणाली, "नाई सोडत." झालं. वाटा बंद.

पहिल्या बाळंतपणाला तिच्या घरी कोणी गेलं नाही. मोहल्ल्यात सुईण एकच, केवळरामाची बायको गिरजाबाई. तिला उंबरा ओलांडू दिला नाही. सोनीबाईनं ओलांडला असता तर तिचा वाटा गेला असता, हाक गेली असती, आणि पोरीसाठी भांडायला मोहल्ल्यात कोणी उरलं नसतं. म्हणून ती कुडाबाहेर उभी राहून ओरडून सांगत होती, असं धर, तसं दाब, धीर सोडू नोको. आत बुधू एकटा. दिवसभर मोहल्ल्यानं तो आवाज ऐकला. लेकरू जगलं नाही.

मी त्या वेळी मच्छीमारांची सोसायटी उभी करत होतो. मालगुजारी गेली होती, तलाव सरकारजमा झाले होते, आणि ढिवर एक झाले नाहीत तर ठेकेदार येऊन बसेल हे मी घसा फोडून सांगत होतो. बाळ गेल्यावर मी चावडीपुढं उभा राहून केवळरामाला सगळ्यांदेखत फाडून खाल्लं. लोकांनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी केवळरामानं सांडव्याकडच्या वाटेवर बाभळीच्या काट्या टाकल्या. सोनीबाई मला म्हणाली, "भाऊ, तुमच्या भाषणानं माही पोट्टी आजून एक कोस दूर गेली."

हे सगळं असं होतं, आणि धुरपताला पुन्हा दिवस गेले.

आमचा विदर्भ मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या थंडीत गुणवंतराव वकिलांनी आरमोरीत शेजारी देशांचा साहित्यमेळा भरवला. चार दिवसांचा. लोक हसले. पण गुणवंतरावांचं घराणं जुन्या मालगुजाराचं, कलकत्त्यापासून लाहोरपर्यंत ओळखी, आणि माणूस हौशी. लंकेचे एक कथाकार आले, लाहोरचे एक गझलवाले आले, सिरोंच्याकडून तेलुगू नाटककार, गुजरातचे एक निबंधवाले, आणि पूर्व पाकिस्तानातून, बरिसालहून, सितारा बानू नावाच्या लेखिका. वडशापर्यंत छोटी गाडी, पुढं मोटार, आणि मोटार चिखलात बसली तिथून बैलांचं खाचर. शाळेच्या पटांगणात, तलावाच्या अगदी काठाला, बांबूचा मांडव पडला.

मेळा सुरू व्हायच्या आधीच गुणवंतराव मोहल्ल्यात आले.

"केवळराम, पाहुणे मासे खाणाऱ्या मुलखातले आहेत. तिसऱ्या दिवशी चार टोपल्या पाठवून दे."

"मालक, तलाव उनाळ्यात उघडते."

"असे पाहुणे रोज येतात का?"

केवळरामाची छाती फुगली. "नाई. उघडू. पण मासोळी पारीवरून वाट्याशिवाय हालत नाई."

"म्हणजे?"

"ज्याले खायाची हाय त्यानं पारीवर या लागते. नाव घेऊ, वाटा देऊ. मंग कोनी का असेना, लाटसाहेब असो."

गुणवंतरावांनी क्षणभर विचार केला आणि टाळीच वाजवली. "अरे, हा तर कार्यक्रमच झाला!" आणि परिसंवादाच्या जागी 'झाडीपट्टीतील लोकजीवन' असं काहीतरी ठरवून ते गेले. आमचं जगणं त्या दिवशी कार्यक्रम झालं. मी तिथंच दोन शब्द सुनावणार होतो. पण डोक्यात दुसराच किडा वळवळला, म्हणून गप्प बसलो. केवळराम काय बोलून बसला हे त्याचं त्याला कळलं नव्हतं.

मी तडक सोनीबाईकडं गेलो. ती जाळं विणत होती.

"बाई, मोका हाये. मेळ्यात लंकेवाल्याले, लाहोरवाल्याले पारीवर वाटा लागणार. त्याईची जात कोनती? मी सगळ्याईपुढं विचारतोच केवळरामाले."

"तुमी तोंड उघडू नोका."

"अवो, पण..."

"मले दिसते मोका. मले डोये हायेत. तुमी बोलले का तो आयकत नाई, आन तो आयकत नाई का तुमी आजून बोलता. गिरजी दुरून पाहून म्हंते पोट खाली उतरलं हाय, चार-आठ दिसाचं काम. आता खेळ नोको."

"मंग का करणार तू?"

"हाक देईन. दुसरं का येते मले?"

मेळ्याच्या दुसऱ्या दिवशी सितारा बानूंची कथा होती. त्या बंगालीत वाचत, नागपूरचे एक प्राध्यापक हिंदीत सांगत, आणि मांडवाच्या कडेला पाणी भरून बसलेल्या आमच्या बायकांना मी ते आमच्या बोलीत सांगत होतो. प्रास्ताविकात गुणवंतरावांनी जाहीर केलं की नेपाळचे कवी तापानं आजारी पडून नागपुराहूनच परत गेले. कोणाला फार वाईट वाटलं नाही. मग कथा सुरू झाली.

कथा एका नावाड्याच्या विधवेची. तिची लेक नदीपल्याडच्या बेटावर नांदते, आणि गावानं तिकडं जायचं बंद केलंय. पूर येतो. आई होडी सोडते. अंधार, पाणी, वल्ही. होडी मध्यावर येते. आणि कथा संपते.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या विरल्या तसा कडेहून आवाज आला.

"आन मंग?"

अख्खा मांडव वळला. सोनीबाई उभी होती.

प्राध्यापक म्हणाले, "बाई, कथा संपली."

"संपली कुठी? नाव तं पान्यातच हाय."

हशा पिकला. प्राध्यापकांनी समजावलं की नव्या कथेत शेवट वाचकावर सोडतात.

"म्हंजे लिवनारी घरी जाते आन आमी पान्यात," सोनीबाई म्हणाली. "माहीत नाई तं लिवलं काऊन?"

आता हसता हसता लोक मांडीवर थापा मारू लागले. गुणवंतराव तांबडे झाले. पण सितारा बानूंनी हात वर करून विचारलं, ही बाई काय म्हणतेय? प्राध्यापकांनी गुळमुळीत काहीतरी सांगितलं. मला ते सहन झालं नाही. मी उठून हिंदीत शब्दाला शब्द सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मी पुष्कळ शेवट लिहिले आणि फाडले. ती काठाला लागली असं लिहायला गेले की खोटं वाटायचं. मी कुणाला लागलेलं पाहिलं नाही."

मी ते सोनीबाईला सांगितलं. ती खाली बसली.

"खरं बोलली बाई," ती हळूच म्हणाली. "मले वाटलं, वरवर बोलन."

तिसऱ्या दिवशी सकाळी पारीवर जत्राच. धुकं उठलं नव्हतं तोवर जाळं ओढून झालं होतं. रोहू, मरळ, झिंगे. केवळराम स्वतः वाटे मांडत होता, डोक्याला नवा फेटा. आधी मोहल्ल्याची घरं, पुढं पाहुणे. पाहुण्यांना 'हाव' म्हणायला शिकवून ठेवलं होतं.

सोनीबाईनं हाक सुरू केली. घरं भराभर संपली. मग, "मालक गुणवंतराव!" "हाव!" "लंकेवाले भाऊ!" "हाव!" लाहोरच्या गझलवाल्यांनी 'हाव' असं काही लांबवलं की बायका तोंडाला पदर लावून हसल्या. गुजरातचे निबंधवाले शाकाहारी. ते मागं सरायला लागले तर केवळराम गरजला, "वाटा नाकारनं म्हंजे भांडन!" बिचाऱ्यांनी रोहू शेपटीला धरून हातभर लांब पकडला आणि सबंध वेळ दुसरीकडं पाहत उभे राहिले. "बरिसालवाली सिताराबाई!" "हाव," त्या म्हणाल्या, आणि साडीच्या पदरात वाटा घेतला, सवयीच्या बाईसारखा.

एक वाटा उरला.

केवळराम चमकला. "हे कोनाचा?"

गुणवंतरावांनी जीभ चावली. "अरे, तो नेपाळच्या कवींचा. ते आलेच नाहीत. काल मांडवात सांगितलं होतं मी."

मांडवात केवळराम नव्हता. सोनीबाई होती.

"हरकत नाही, मी घेतो," गुणवंतराव पुढं झाले.

"तुमचा उचलला, मालक," सोनीबाई म्हणाली. "एका घराले दोन नाई."

मोडता येत नाही. सोडून जाता येत नाही. त्याच्याआधी दुसऱ्या कोणाला हलताही येत नाही. ऊन चढू लागलं. पाहुणे हातातले मासे सांभाळत एकमेकांकडं पाहू लागले. केवळरामाच्या फेट्याखालून घाम निघाला. सोनीबाई पारीच्या टोकाला गेली, सांडव्याकडं तोंड केलं आणि तो फुटका ढोल वाजला.

"इस्तारीची धुरपता! हाय का कोनी?"

सगळ्यांच्या माना तिकडं वळल्या. पारीखाली, काट्यांच्या अलीकडं, बघ्यांच्या मागं धुरपता उभी होती. पोट पुढं, हात कमरेवर. बाजूला बुधू.

"हाव," ती म्हणाली.

"सोने!" केवळराम ओरडला. "जीभ झडन तुही! तिचा वाटा बंद हाय!"

"तिचा बंद हाय. हे कोनाचा हाय?"

"पाहुन्याचा!"

"पाहुन्याची जात कोनती?"

"पाहुन्याले जात नसते!"

हे वाक्य केवळरामाच्या तोंडातून गेलं आणि त्याला ते जाताना दिसलं. माझ्या जिभेवर असं एक सणसणीत वाक्य तयार होतं की गाव वर्षभर चघळत बसलं असतं. सोनीबाईनं माझ्याकडं एकदा पाहिलं. मी ते गिळलं. तसला घास मी आयुष्यात दुसरा गिळलेला नाही.

"मंग हे पाहुनी समजा," सोनीबाई म्हणाली. आता आवाज खाली आला होता. "आपल्याच गावात पाहुनी झाली ना पोट्टी. तुमच्या हातानं मांडला वाटा, केवळरामभाऊ. मी नाई मांडला. मी हाक देल्ली, तिनं हाव म्हनलं. मोडायचा असन तं मोडा."

केवळराम वाट्याकडं पाहत राहिला. वाकला असता तर एका हाताच्या अंतरावर होता. मागं प्राध्यापक हलक्या आवाजात पाहुण्यांना सांगत होते. सितारा बानू दोन पावलं पुढं आल्या होत्या. धुरपता चढण चढून वर आली, एकटी. वाट्यापाशी थांबली. पण तिला वाकता येईना. एकदा वाकायला गेली, कळ आली, पुन्हा सरळ झाली. वाटा उचलल्याशिवाय तिचा होत नव्हता, आणि तिला तो उचलवत नव्हता.

केवळराम तोंडातल्या तोंडात पुटपुटला, "असं पोट असताना वाकते का कोनी..."

"मंग पाहून का राह्यले?" बायकांतून आवाज आला. गिरजाबाई. पाय आपटत आली, नवऱ्याला कोपरानं बाजूला केलं, पानांसकट वाटा उचलला आणि धुरपताच्या ओटीत ओतला. एक झिंगा खाली पडला, तोही उचलून टाकला. "घे. लोकाईची ओटी नारळानं भरतेत, तुही मासोळीनं भरली. पुरे झालं तुमचं पंचपन, वो. मागच्या खेपी म्या उंबरा नाई वलांडला, अजून कानात आवाज येते मले. वाटा उचलला, आता मले तिच्या घरी जा लागते. का नाई? सांगा."

केवळरामानं फेटा काढला, तोंड पुसलं, पुन्हा बांधला.

"वाटा उचलला," तो म्हणाला. "उचलला तं उचलला. चाला आता, मासोळी नासते."

आणि मग पारी एकदम हलली. सगळे एकाच वेळी बोलायला लागले. कोणीतरी सांडव्याच्या वाटेवरच्या काट्या पायानं ढकलल्या, कोणी ते मी पाहिलं नाही. सोनीबाई मटकन खाली बसली आणि तिनं पहिल्यांदा पाणी मागितलं.

चौथ्या दिवशी समारोप. गुणवंतराव उभे राहिले. साहित्य म्हणजे सेतू वगैरे चाललं होतं. आणि तलावावरून, सांडव्याच्या बाजूनं, मांडवात आवाज घुसला.

"जोर लाव वो! लाव जोर!"

गुणवंतराव थबकले. पुन्हा सुरू झाले, "तर बंधुभगिनींनो, सेतू..."

"आता थांबू नोको! आलं, आलं!"

मांडवात हसू फुटलं, पण कोणी उठलं नाही. सगळे कान देऊन बसले होते. मागच्या बाळंतपणात कुडाबाहेर राहिलेला तो आवाज आज कुडाच्या आत होता, हे आमच्या लोकांना कळत होतं. बायका पदर चावत होत्या. गुणवंतराव शेवटी शहाण्यासारखे गप्प झाले आणि तेही ऐकू लागले. मग तिकडचा आवाज बंद झाला. केवळराम मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता, खांब घट्ट धरून.

मग एक बारीक किरकिर आली की काय असं वाटलं, आणि मागोमाग तो ढोल, "पोट्टी झाली वो! पोट्टी! दोघी बऱ्या हायेत!"

टाळ्यांनी मांडव दणाणला. लाहोरवाले उठून वाहवा करत होते. केवळरामानं खांब सोडला, आजूबाजूला पाहिलं आणि माझी नजर भेटताच डाफरला, "का पाहून राह्यले? गिरजीचं काम चांगलंच असते."

संध्याकाळी पाहुणे निघाले. सितारा बानू खाचरात बसल्या होत्या, तोच सोनीबाई धावत आली, हात ओले, लुगड्याला तेलाचा वास.

"भाऊ, सांगा याईले, त्या बाईची नाव लागली म्हना काठाले."

मी सांगितलं. सितारा बानूंनी तिचा ओला हात धरला. म्हणाल्या, "लिहीन. पण लोकांना पटणार नाही."

"नसन पटत तं त्याईले इकडं पाठवा," सोनीबाई म्हणाली. "वाटा लावू."

खाचर निघालं. सितारा बानू वळणापर्यंत मागं पाहत होत्या. सोनीबाई नव्हती पाहत. तिला घाई होती, घरी नात होती.

त्या उन्हाळ्यात तलाव उघडला. केवळरामानं वाटे मांडले. कोणाचे किती ते बोलला नाही, पण सांडव्याच्या घराचा वाटा होता. सोनीबाई उगवतीपासून हाका देत आली आणि त्या घरापाशी जराही न थांबता ओरडली, "बुधू मडावी!"

धुरपता लेकरू पाजत बसली होती, म्हणून बुधू पारीवर चढला. पहिल्यांदाच. घाबरला आणि आपल्या गोंडीत म्हणाला, "इंगो."

"अबे, हाव म्हन, हाव!" पोरं हसली.

"तेच म्हनलं त्यानं," केवळराम खेकसला.

"वाटा उचल आन सरक," सोनीबाई जावयाला म्हणाली. "मांगं लोक उभे हायेत."